काटेरी हलवा आणि कसब्यातली भट्टी

नमस्कार मंडळी. तिळगुळाची देवाणघेवाण झाली, पंगतीला अजून थोडा वेळ आहे, आणि अध्यक्षांनी मला विषय दिलाय ‘लहानपणचा खाऊ’. खाऊच्या आठवणी इथे प्रत्येकाकडे आहेत. मला आज खाऊ करणाऱ्यांबद्दल बोलायचंय.

मी वाढले पुण्यातल्या कसबा पेठेत. तांबट आळी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी जाग यायची ती तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांच्या ठोक्यांनी. थंडी पडली की त्यात एक वास मिसळायचा, तापल्या साखरेचा. आई म्हणायची, “हलवाईकाकांची भट्टी लागली गं.” दुकान म्हणजे वाड्याच्या दरवाजाशेजारची एक अंधारी खोली. जमिनीवर शेगड्या, शेगड्यांत निखारे, निखाऱ्यांवर पराती. काका मांडी घालून बसलेले. उजव्या हाताचा तळवा परातीत सारखा फिरतोय, डाव्या हातात चमचा.

संक्रांतीच्या काटेरी हलव्यासाठी परातीत तीळ असायचे, कधी खसखस, कधी साबुदाणा. त्यावर एकतारी पाक घालायचा, तोही चमचाभरच. दाणा ओला झाला की हात फिरवत राहायचं, सुटा आणि कोरडा झाला की पुढचा चमचा. घाईने दोन चमचे पडले तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. आच वाढली तर धरलेली साखर विरघळते. असं तासन्‌तास, दिवसामागून दिवस. मग कधीतरी त्या गुळगुळीत दाण्यावर बारीक टोकं दिसायला लागतात. ‘काटा फुटला’ असं काका म्हणायचे, झाडाला पालवी फुटली म्हणावं तसं. काकांचा तळहात पांढुरका आणि इतका निबर झालेला होता, की निखारा विझलाय की नाही हे ते हात लावून बघत. परातीच्या कडेला जमलेला चुरा आम्हा मुलांना रद्दीच्या पुडीत मिळायचा. तो खाताना बोलायचं नाही असा आमचाच नियम होता, कारण तोंड उघडलं की साखर उडायची.

संक्रांत सरली की त्याच खोलीत गाठी सुरू. सागवानी साचे पाण्यात भिजवून ठेवलेले, त्यात दोरा अंथरायचा आणि वरून पाक ओतायचा. पाकाची मळी दूध घालून वर काढलेली, म्हणून गाठी पांढऱ्याशुभ्र. पाडव्याला कडुनिंबाच्या डहाळीबरोबर गुढीवर एक माळ, उरलेल्या आमच्या गळ्यात. दुपारपर्यंत त्या चाटून चाटून दोरा राहायचा. दिवाळीच्या तोंडावर बत्तासे. पाकात चिमूटभर सोडा गेला की तो फुलतो, आणि फुलता फुलताच त्याचे थेंब कापडावर टाकायचे. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्यांबरोबर तेच. पावसाळ्यात मात्र भट्टी गार असायची. दमट हवेत साखर पाझरते, काटा तर फुटतच नाही. ते चार महिने काकांच्या घरी कसे जात असतील, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

आई एक गोष्ट नेहमी सांगायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी कसब्यात शिरलं. काकांनी दिवाळीसाठी साखर भरून ठेवली होती. पाणी ओसरल्यावर खोलीत गेले तर पोती जागच्या जागी होती, रिकामी. नुसता ओला तागच. सगळी साखर पाण्याबरोबर गेलेली. साचे तेवढे चिखलात रुतलेले सापडले. काकूंनी ते हौदावर घासून काढले आणि पुढच्या पाडव्याला त्याच साच्यांतून गाठी निघाल्या. लग्नाआधीच्या पाडव्यांना माझ्या गळ्यात पडलेली प्रत्येक गाठ त्या साच्यांतली होती.

मग हे सगळं कुठे गेलं? एकाच कारणाला धरून चालणार नाही. वाडे पडले, तिथे इमारती आल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोळशाची भट्टी कोण लावू देणार? यंत्राच्या फिरत्या भांड्यात एका दिवसात ढीगभर हलवा निघू लागला. सगळे दाणे एका मापाचे असतात, पण मला त्याचा काटा बोथट लागतो. घरोघरी मधुमेह आला, साखर नको झाली. त्यात चूक कोणाची म्हणायची? सुटी विक्रीही आटली. आम्ही चार आण्याच्या लिमलेटच्या गोळ्या मोजून घ्यायचो. चार आण्याचं ते नाणंच ३० जून २०११ पासून बाद झालं. कारखान्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना उभा केला, त्याच घराण्याच्या ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ गोळ्या आपण सगळ्यांनी चघळल्यात. २०२४ मध्ये ती नावं २७ कोटींना रिलायन्सकडे गेली. इतक्या मोठ्या नावाची ही गत, तर एका खोलीतल्या माणसाने काय करावं?

काकांचा मुलगा मला तीन वर्षांपूर्वी भेटला, आता तोही सत्तरीचा आहे. साच्यांचं विचारलं. म्हणाला, “ताई, वाडा पाडला तेव्हा जुन्या बाजारात दिले. सागवान होतं, बरे पैसे आले.” त्याला मी काही बोलू शकले नाही. पाडव्यापुरता धंदा, हातभर फोड आणि पावसाळ्यात उसनवारी, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. मी फक्त पुडी पाहिली होती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातवाचं बोरन्हाण पुण्यापासून लांब, इथे केलं. हलव्याचे दागिने एका विक्रेत्याकडून मागवले. मुकुट, बासरी, बाजूबंद, फोटोत सुरेख. हातात आले तेव्हा निम्मे मणी थर्माकोलचे. नातू दीड वर्षाचा, जे हातात येईल ते तोंडात. ते दागिने मी तिथल्या तिथे काढले आणि त्याच महिन्यात ठरवलं की हलवा आपण करून बघायचा.

पुण्याहून आणलेली आईची परात होती. पाव किलो साखर आणि मूठभर साबुदाणा घेतला. इथल्या जानेवारीत बाहेर उणे पंधरा, घरात हीटर, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. हलव्याला हीच हवा लागते. रोज रात्री दोन तास, मंद आचेवर. पहिल्या रात्री बोटं भाजली, दुसऱ्या रात्री गोळा झाला, तो फोडत बसले. तिसऱ्या रात्री कंटाळून सोडून देणार होते. चौथ्या रात्री अकराच्या सुमाराला चष्मा लावून पाहिलं तर दाण्यावर टोकं होती. मी ह्यांना झोपेतून उठवलं. जमला किती? जेमतेम दीड वाटी. एका हाराला किती दाणे लागतात, ते मी त्या रात्री मोजून पाहिलं आणि काकांच्या हारांचे आम्ही काय भाव पाडून मागत होतो ते आठवलं.

म्हणून मंडळाकडे माझी एक मागणी आहे आणि ती मी हात जोडून करते. पुण्यात धायरीकडे एक बाई अजून हाताने हलवा करतात. गॅसवर करतात, पण तळव्याने हलवून. मदतीला दोघीजणी असतात. त्यांना संक्रांतीच्या आधी आठ दिवस ऑर्डर देऊन उपयोग नाही, तेव्हा हातात वेळ नसतो आणि साखरेला पैसे नसतात. आपण गणपतीतच आकडा कळवूया, निम्मी रक्कम तेव्हाच देऊया, आणि भाव त्या सांगतील तो. आपल्याकडे दर वर्षी सात-आठ बोरन्हाणं होतात, तीन-चार नव्या सुनांची पहिली संक्रांत असते. त्यांच्या एका हिवाळ्याच्या कामाला एवढा आधार पुरतो, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. पाडव्याच्या गाठींचंही असंच कोणी मिळालं तर मला सांगा, मी शोधते आहे.

माझी भाची परवा पुण्याहून आली, तिने त्या धायरीच्या बाईंकडचा एक डबा आणलाय. तो आता पुढच्या रांगेपासून फिरेल. लहान मुलांना आधी द्या. प्रत्येकी चार-पाच दाणे येतील. लगेच चावू नका, जिभेवर ठेवा, काटा लागेल.