लढाईत फाईल सांभाळणारी माणसं

पोलंडची राजधानी वॉर्सा, दुसरं महायुद्ध. शहरावर जर्मनांचा ताबा आहे आणि महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात फॉर्म भरणं रोजच्यासारखंच चालू आहे. नाव, पत्ता, घरात माणसं किती, आजार काय. फक्त त्यातली बरीच नावं खोटी आहेत. ज्यू कुटुंबांना मदत द्यायची नाही असा हुकूम आलाय, म्हणून खात्यातल्या काही बायका त्यांना पोलिश नावं देऊन मदत सुरूच ठेवतात, आणि तपासायला कोणी घरी जाऊ नये म्हणून आजाराच्या रकान्यात सरळ टायफस किंवा टीबी लिहून टाकतात. टायफसला, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या जीवघेण्या तापाला, जर्मन जाम घाबरायचे.

इरेना सेंडलर त्यातल्याच एक, पेशाने सोशल वर्कर. पुढे साथरोगाच्या तपासणीचा पास मिळवून त्या वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत जायच्या, जिथे चार लाखांहून जास्त माणसं कोंडली होती, आणि साथीदारांबरोबर तिथून मुलं बाहेर काढायच्या. आईबाप विचारायचे, पोर वाचेल याची गॅरंटी काय, तर गॅरंटी कसलीच देता यायची नाही. मुलांची खरी नावं आणि नवी नावं पातळ कागदावर लिहून, बरणीत घालून पुरली. ऑक्टोबर 1943 मध्ये इरेनांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी पकडलं, बेदम मारलं, साथीदारांनी लाच देऊन सोडवलं, आणि मग नाव बदलून, लपतछपत परत तेच काम.

बरण्यांची गोष्ट सगळेच सांगतात. आम्हाला मात्र आतली यादी जास्त महत्त्वाची वाटते, कारण ही सवय पक्की केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाची नोंद ठेवून त्याचा पाठपुरावा करण्याची आहे. मूल वाचवणं एक, आणि हे मूल कोणाचं, उद्या त्याला कोणाकडे पोचवायचं याची नोंद जीव धोक्यात घालून ठेवणं वेगळंच. एकीकडे खात्यातल्या खोट्या नोंदी, दुसरीकडे जिवापाड जपलेली खरी नोंद, आणि माणूस तोच! एरवी खोटी नोंद केली तर नोकरी जाते, आणि जायलाच हवी. पण नोंद कोणासाठी ठेवायची हेच बदललं तर काय करायचं, ते ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवत नाही.

ट्रेनिंगमध्ये अजून एक शिकवतात, अंतर राखा. क्लायंटचं दुःख घरी नेऊ नका. आता 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने आक्रमण केल्यानंतरच्या युक्रेनमध्ये हे कसं करणार? सायरन वाजला की दोघंही एकाच तळघरात. समोरचा विस्थापित आणि त्याचा फॉर्म भरणारी पण विस्थापितच, तिचा नवरा किंवा भाऊ आघाडीवर, लाईट गेलेली, आणि फॉर्म भरता भरता समोरची म्हातारी विचारते, तुझं घर तरी आहे का गं अजून? याला शेअर्ड ट्रॉमा म्हणतात, इस्रायलमध्ये आणि 11 सप्टेंबर 2001 नंतर न्यूयॉर्कमध्ये यावर बराच अभ्यास झालाय. अशा वेळी थोडं स्वतःबद्दल बोलावं लागतं, आणि त्याने प्रोफेशनलपणा जातो असं काही नाही, किती बोलायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवणं पण कामच आहे.

आक्रमणाआधी युक्रेनमध्ये जवळपास एक लाख मुलं संस्थांमध्ये राहत होती. त्यांना हलवायचं म्हणजे बस मिळाली की झालं असं नसतं, कोणाचं पालकत्व कोणाकडे, औषधं कोणती, भावंडं कुठल्या बसमध्ये. परत यादीच!

तिथल्या कित्येक सोशल वर्कर सांगतात की काम होतं म्हणून टिकलो. खरं आहे ते. सगळं हातातून सुटलेलं असताना निदान एक फॉर्म पूर्ण होतो, एका आजींची पेन्शन सुरू होते. पण हेच काम माणसाला खाऊन पण टाकतं, कारण घरी बसलं की अपराधी वाटतं. त्यात बाहेरचे देवदूत म्हणतात, आणि देवदूताला काय, ना पगारवाढ लागते ना झोप. खंबीर आहेत त्या, करतील, असं म्हटलं की वरच्यांचं काम सोपं होतं.

प्रत्यक्षात उपयोगी पडतात त्या अगदी साध्या गोष्टी. एकटीला फील्डवर न पाठवणं, आठवड्यातून एकदा तरी सुपरवायझरसमोर मनातलं बोलायला वेळ, स्वतःच्या घरच्यांना सुरक्षित जागी हलवायला सुट्टी. आणि सुट्टी घेतली म्हणून कोणी पळपुटी ठरत नाही हे सर्क्युलर काढून पटत नाही, आधी सुपरवायझरने स्वतः दोन दिवस घरी बसून दाखवावं लागतं.