पुढचा लाख घनमीटर गॅस कुणाला?

[दृश्य: साळ नदीचं मुख, बेतुल]

गोव्यात तेल निघत नाही. पण समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कामाला जाणारी माणसं सुरक्षेचे धडे घ्यायला इथे, बेतुल परिसरातल्या ओएनजीसीच्या संस्थेत येतात. तेलक्षेत्रावरचा एक अवघड हिशेब आज पाहू: तेल बाहेर काढायला जमिनीखालच्या साठ्यात दाबून भरायचा गॅस कोणत्या क्षेत्राला किती द्यायचा?

[दृश्य: कुळागर, पाटाचं पाणी]

कुळागरात पाट एक, आळी अनेक. इंजेक्शनच्या, म्हणजे साठ्यात भरायच्या गॅसचंही तसंच. फरक एवढाच, की आळ्यात मुरलेलं पाणी पाटात परतत नाही. गॅस मात्र तेलाबरोबर वर येतो, आणि वाटपाचा घोळ तिथूनच सुरू होतो.

[दृश्य: आकृती, दोन क्षेत्रं]

समजा, दोन क्षेत्रांना रोज १-१ लाख घनमीटर गॅस वाढवून दिला. 'अ'मधून ६० घनमीटर जादा तेल आलं, १० हजार घनमीटर गॅस परतला. 'ब'मधून तेल ५०, पण गॅस ६० हजार परतला. सरस कोण? कॉम्प्रेसर अपुरा असेल तर 'अ', कारण परतलेला गॅस पुन्हा दाबायलाही कॉम्प्रेसरच लागतो. गॅसच अपुरा असेल तर 'ब'! तिथे साठ्यात राहिला फक्त ४० हजार; म्हणजे खर्ची पडलेल्या लाखामागे १२५ घनमीटर तेल. 'अ'चं तेच गणित ६७ वर येतं. तेव्हा टंचाई कशाची, हे आधी ठरवा. आणि आजवरची सरासरी पाहू नका. पुढच्या लाखाला काय मिळेल ते पाहा.

सगळ्यांना सारखं वाटप दिसायला न्याय्य, पण घातक. ज्या साठ्याला जास्त गॅस हवा, त्याला तो कमी पडतो. साठ्याचा दाब एका किमान पातळीखाली गेला, की गॅस तेलाशी एकजीव होत नाही. तेल मागे ठेवून निसटतो.

[दृश्य: चाचणी सेपरेटर]

विहिरीचं गॅस-तेल गुणोत्तर, म्हणजे तेलामागे वर येणारा गॅस, अचानक चढलं, तर गॅसला सोपी वाट सापडली. हलका असल्यानं तो बहुधा वरच्या थरातून धावतो. मग गॅस आणि पाणी आलटून पालटून भरतात, किंवा तो थर बंद करतात. विहिरींची चाचणी, म्हणजे प्रत्येकीच्या तेल-गॅसची मोजणी, लांबवली, तर वाटप जुन्या आकड्यांवरच चालू राहतं.

[दृश्य: नकाशा, उत्तर समुद्र]

नॉर्वेच्या ओसेबर्ग क्षेत्रात १९९१ पासून शेजारच्या ट्रोल क्षेत्राचा गॅस आणून भरला. तेल ओसरल्यावर असा गॅस काढून विकता येतो. वाटपाच्या हिशेबात ही उशिराची मिळकतही धरावी लागते.