टिपेचा सूर सोडल्यावर: रॉबर्ट प्लँट यांची गायकी

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडचे रॉकगायक रॉबर्ट प्लँट यांचं नाव निघालं की गप्पा 'लेड झेपेलिन' या बँडच्या बारा वर्षांपाशीच थांबतात. ती वर्षं मोठी होतीच. पण टिपेच्या सुरावर जगभर नाव मिळवलेल्या गायकाला तो सूर पुरेनासा झाल्यावर त्यानं काय केलं, हे प्लँट यांच्या ध्वनिमुद्रणांतून टप्प्याटप्प्यानं ऐकता येतं. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

त्यांचा जन्म 20 ऑगस्ट 1948 चा, बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविचमधला. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत ऐकत, लहान-मोठ्या बँडमधून गात ते वाढले. 1968 मध्ये गिटारवादक जिमी पेज नव्या बँडसाठी गायक शोधत होते. बर्मिंगहॅमजवळच्या एका अध्यापक महाविद्यालयात त्यांनी या एकोणीस वर्षांच्या पोराला ऐकलं आणि शोध संपला. ड्रमसाठी प्लँट यांनी आपला जुना साथीदार जॉन बॉनम सुचवला, बेस गिटारवर जॉन पॉल जोन्स आले आणि 'लेड झेपेलिन' उभा राहिला. पहिला अल्बम लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत अवघ्या 36 तासांच्या आसपास कामात तयार झाला.

त्या आवाजात विशेष काय होतं? बहुतेक पुरुष जिथे बारीक, चोरटा आवाज लावतात, तिथे प्लँट भरीव आवाजानं जात. पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा घ्या. तो 440 हर्ट्झचा सूर. म्हणजे स्वरतंतू सेकंदाला 440 वेळा एकमेकांवर आदळतात. प्लँट याच सुराच्या आसपास आणि त्याच्याही वर ओळीच्या ओळी म्हणत, तेही बॉनमसारख्या दणदणीत ड्रमवादकासमोर. 1970 च्या सुमारास रंगमंचावर गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर आजच्या मानानं फार कमकुवत होते. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. अशी ओरड रोज दोन-तीन तास झाली, की स्वरतंतूंच्या मध्यावर, जिथे आदळ सर्वांत जोराची असते, तिथे सूज येते आणि पुढे गाठी धरतात. कडा जाड झाल्या की स्वरतंतू नीट मिटत नाहीत. सगळ्यांत आधी जातात ते वरचे हळू सूर. मग गायक ते जोर लावून काढायला बघतो आणि दुखणं वाढतं. गाणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं: वरचा सूर हळू लागत नसेल, तर तो मोठ्यानंही लावू नये.

1973 च्या जानेवारीत फ्लूमुळे त्यांचे काही कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. त्याच वर्षीच्या न्यूयॉर्कच्या मैफलींचं ध्वनिमुद्रण ऐका. 'रॉक अँड रोल' या गाण्याची सुरुवातीची चाल त्यांनी खाली आणलेली आहे. वय होतं अवघं चोवीस.

मग संकटांची रांग लागली. ऑगस्ट 1975 मध्ये ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर मोटार अपघात झाला. त्यानंतरचा अल्बम प्लँट म्युनिकच्या स्टुडिओत, पाय जायबंदी असताना, चाकाच्या खुर्चीत बसून गायले. बसून गाताना पोट दबतं, श्वास पुरा भरत नाही. त्यात एक गाणं दहा मिनिटांहून लांब आहे! 1977 मध्ये पाच वर्षांचा मुलगा आजारानं गेला. सप्टेंबर 1980 मध्ये बॉनम गेले आणि डिसेंबरमध्ये बँडनं काम थांबवलं.

आता थोडं मागे, आपल्या मुंबईकडे. 1972 मध्ये पेज आणि प्लँट यांनी इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी मुंबईच्या स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित केली. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहा मात्रांत आलटून-पालटून चालतं. ही ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली ती थेट 2015 मध्ये. पण प्रयोग वाया गेला नव्हता. 1994 मध्ये इजिप्तचे वादक आणि लंडनचा वाद्यवृंद सोबत घेऊन दोघांनी याच दोन्ही गाण्यांना पुन्हा हात घातला. आपलं जुनं गाणं म्हणजे दगडावरची रेघ नाही, ते वेगळ्या साथीवर वेगळं गाता येतं, ही प्लँट यांची खरी शिस्त. तिचा पुढे त्यांना फार उपयोग झाला.

10 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये झेपेलिनची एक रात्रीची मैफल झाली. ड्रमवर बॉनम यांचा मुलगा जेसन होता. तिकिटांसाठी सुमारे दोन कोटी अर्ज आल्याचं सांगतात. प्लँट तेव्हा 59 वर्षांचे. वय वाढलं की स्वरतंतूंमधला स्नायू बारीक होतो, मधे फट राहते, श्वास गळतो. म्हणून त्या रात्री काही गाण्यांची पट्टी पूर्ण एक सूर उतरवली होती. पांढरी सहाचं गाणं पांढरी पाचवर, असं समजा. यात कमीपणा काहीच नाही. पट्टी न उतरवता सूर फाडणं, हाच खरा कमीपणा.

मैफल गाजली, जगभर दौऱ्याची मागणी झाली. प्लँट गेले नाहीत. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांचा 'रेझिंग सँड' हा अल्बम आला होता. निर्माते टी बोन बर्नेट, सहगायिका आणि व्हायोलिनवादक ॲलिसन क्राउस. दोन आवाज बिलगून गायचे तर आवाजातला कंप कमी करावा लागतो, शब्दाचा शेवट दोघांनी एकाच क्षणी तोडावा लागतो आणि दर वेळी ओळ वेगळी म्हणण्याची सवय सोडावी लागते. साठीच्या उंबरठ्यावर, एवढ्या नावाच्या गायकानं हे शिकून घेतलं! 2009 मध्ये या अल्बमला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही त्यांत आला. 2008 च्या दौऱ्यात 'ब्लॅक डॉग' हे झेपेलिनचं कडक गाणं दोघं बँजोच्या साथीनं, संथ लयीत गात. 2019 पासून प्लँट 'सेव्हिंग ग्रेस' या छोट्या संचात गायिका सुझी डायन यांच्याबरोबर गात आले, आणि 2025 मध्ये त्या संचाचा अल्बमही आला.

आता एकच गाणं दोनदा ऐकूया, 'प्लीज रीड द लेटर'. पहिलं 1998 चं, पेज यांच्याबरोबरचं, गिटारवर चालणारं, साडेचार मिनिटांच्या आत संपणारं. दुसरं 2007 चं, क्राउस यांच्याबरोबरचं, जवळजवळ सहा मिनिटांचं. दुसऱ्यात धृपदाकडे लक्ष द्या: वरचा सूर क्राउस सांभाळतात, प्लँट खाली राहतात आणि माइकच्या अगदी जवळून, हलक्या आवाजात शब्द टाकतात. आधी 1998 चं.