मुद्दलाला हात न लावता

श्रोतेहो, नमस्कार.

गायिकेचा गळा ही तिची ठेव आहे. तिने गावे ते व्याजावर, मुद्दलाला हात लावू नये, अशी शिकवण न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड संगीत विद्यालयातील शिक्षिका फ्लॉरेन्स पेज किंबॉल आपल्या एका विद्यार्थिनीला देत असत. ती विद्यार्थिनी म्हणजे पुढे जगभर गाजलेल्या लिओन्टीन प्राइस. आज मी त्यांच्याच कारकिर्दीविषयी बोलणार आहे, कारण ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाच्या, रंगमंचावर एखादी गायिका तीस-बत्तीस वर्षे कशी टिकते हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑपेरात गायकासमोर ध्वनिक्षेपक नसतो. आपल्या जुन्या संगीत नाटकांतही तो नव्हता आणि नटाचा आवाज पल्लेदारच लागत असे. पण तिथे साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढीच वाद्ये असत. ऑपेरात गायिका आणि प्रेक्षक यांच्यामध्ये साठ-सत्तर वादकांचा अख्खा वाद्यवृंद बसलेला असतो. त्या नादावरून आपला सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, तोही अंगावर जड पोशाख वागवत आणि अभिनय सांभाळत, हे काम केवळ जोर लावून करू गेले तर गळा काही वर्षांतच बसतो. किंबॉलबाईंच्या त्या सल्ल्यामागचा व्यवहार हा असा होता.

प्राइस यांचा जन्म १० फेब्रुवारी १९२७ रोजी मिसिसिपी राज्यातील लॉरेल या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, बसण्याच्या जागा वेगळ्या, असा तो काळ आणि तो मुलूख होता. वडील लाकडाच्या गिरणीत कामाला होते. आई सुईण होती आणि चर्चमध्ये गात असे. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा आईवडिलांनी घरातला फोनोग्राफ दुकानदाराला देऊन, त्याची किंमत पहिल्या हप्त्यापोटी धरून, एक पियानो घरी आणला. ऐकायचे यंत्र देऊन टाकून वाजवायचे वाद्य आणणाऱ्या त्या दोघांच्या निर्णयापाशी मी दर वेळी थोडा थांबतो.

नऊ वर्षांच्या लिओन्टीनला आईने जॅक्सन शहरात विख्यात कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांच्या मैफलीला नेले. अँडरसन यांचे नाव आपल्याला परके नसावे. १९५७ साली त्या भारतातही गाऊन गेल्या. १९३९ मध्ये त्यांना केवळ वर्णामुळे वॉशिंग्टनमधले एक सभागृह नाकारले गेले, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून सुमारे ७५ हजार श्रोत्यांसमोर गायल्या. मेट्रोपॉलिटन ऑपेरा या न्यूयॉर्कच्या मोठ्या ऑपेरागृहाचे दार मात्र त्यांच्यासाठी १९५५ च्या जानेवारीत उघडले. तेव्हा त्यांचे वय ५७ होते आणि आवाजाचा बहर ओसरला होता. त्या पुढे गेल्या म्हणून मागच्यांना वाट मिळाली, हे खरे; पण त्यांच्या तरुण आवाजाचे जे ऑपेरा आपण ऐकू शकलो असतो ते कायमचे गेले, याची हळहळ मला वाटते.

त्याच महिन्यात प्राइस यांनी दूरचित्रवाणीवर ‘तोस्का’ या ऑपेराच्या नायिकेची भूमिका केली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही केंद्रांनी ती दाखवायचे नाकारले. पुढे मेट्रोपॉलिटनकडून ‘आइडा’ या ऑपेरातील त्याच नावाच्या नायिकेसाठी बोलावणे आले. ही नायिका म्हणजे इजिप्तमध्ये दासी झालेली इथिओपियाची राजकन्या. तेव्हा प्राइस यांच्या एका हितचिंतक संगीतसंचालकाने सांगितले की, या रंगमंचावर तुमचे पहिले पाऊल दासी म्हणून पडता कामा नये. प्राइस यांनी नकार दिला. व्हिएन्नात आणि मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्यांनी हीच आइडा गाजवली होती. मेट्रोपॉलिटनमध्ये मात्र २७ जानेवारी १९६१ रोजी त्या उभ्या राहिल्या त्या ‘इल त्रोव्हातोरे’मधील सरदारघराण्यातील लिओनोरा म्हणून. त्या रात्रीच्या टाळ्या सुमारे ४२ मिनिटे चालल्याचे सांगतात.

मुद्दलाला हात लागला तो त्याच वर्षी. ऑक्टोबरमध्ये हंगामाची सुरुवात इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या एका ऑपेरातील मिनी या नायिकेच्या भूमिकेने करण्याचा मान त्यांना मिळाला. ती भूमिका त्यांच्या आवाजाला जड होती. दुसऱ्याच प्रयोगात, भर अंकात, सूर साथ देईनासा झाला. त्यांनी उरलेल्या ओळी गाण्याऐवजी बोलून अंक कसाबसा पार पाडला आणि तिसऱ्या अंकाला दुसऱ्या गायिकेला उभे राहावे लागले. गच्च भरलेल्या नाट्यगृहात, यशाच्या ऐन शिखरावर, आपलाच गळा आपल्याला सोडून जातो आहे हे ओळीगणिक जाणवत असताना अंक संपेपर्यंत उभे राहणे काय असेल, याची कल्पना गाणाऱ्यालाच येईल. पुढे त्यांनी काही काळ रोममध्ये विश्रांती घेतली. त्या परतल्या, १९६६ मध्ये मेट्रोपॉलिटनच्या नव्या वास्तूचे उद्घाटनही त्यांच्याच क्लिओपात्राच्या भूमिकेने झाले. परंतु मिनी त्यांनी सोडली, साठच्या दशकाच्या अखेरीपासून ऑपेराचे प्रयोग कमी केले आणि एका पियानोच्या साथीच्या मैफली वाढवल्या. लोकांना तेव्हा ती माघार वाटली असेल. मला त्यात शिक्षिकेचा शब्द पाळलेला दिसतो.

३ जानेवारी १९८५ रोजी त्या आइडा म्हणूनच निरोप घ्यायला आल्या. ‘ओ पात्रिया मिया’, म्हणजे ‘हे माझ्या मायदेशा’, हे तिसऱ्या अंकातील गीत शेवटाकडे जाताना हलक्या आवाजात वरच्या ‘सी’ या फार उंच सुरापर्यंत चढते आणि तिथेच भल्याभल्यांचा कस लागतो. ५८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या तिथे पोहोचल्या. टाळ्या थांबेनात. चित्रफितीत दिसते की त्या भूमिका सोडत नाहीत, अभिवादनही करत नाहीत. नजर वर लावून उभ्या आहेत आणि ओठ मात्र थरथरत आहेत.

मैफली त्यानंतरही बारा-तेरा वर्षे चालू राहिल्या. सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यातील मृतांच्या स्मरणार्थ कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा निवृत्त झालेल्या ७४ वर्षांच्या प्राइस यांना बोलावण्यात आले. आधी पियानोच्या साथीने एक भक्तिगीत झाले. मग साथ थांबली आणि एकट्या आवाजात त्यांनी देशासाठीची प्रार्थना गायली. तिचा शेवटचा उंच सूर त्यांनी मोकळ्या गळ्याने, अगदी सहज लावला.