फ्रेमला वेल्डिंग मारण्याआधी

नमस्कार मंडळी. जोड कसा मारायचा हे मी आज सांगणार नाही. तुमच्यातल्या कित्येकांचा हात माझ्यापेक्षा चांगला बसलेला आहे. मला बोलायचंय ते आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची झळाळती ज्योत, पेटायच्या आधीच्या वेळाबद्दल. मोटरसायकलच्या फ्रेमवरचा तडा भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, गाडी त्यासाठी उघडी करायला मात्र निम्मा दिवस जातो. घाई असली की कात्री लागते ती या निम्म्या दिवसाला.

पहिली टाकी. ती काढायची आणि दूर, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. ‘रिकामीच आहे, राहू दे’ हे वाक्य फार घातक. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच थोडी असते आणि तिच्यात हवा कमी असते. रिकाम्या टाकीत तळाशी उरलेल्या घोटभर पेट्रोलची वाफ आणि आत शिरलेली हवा यांचं हवं तसं मिश्रण तयार होतं. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती जमिनीलगत पसरत जाते. ठिणग्या पडतात त्याही तिथेच. कार्बोरेटरच्या वाटीत आणि पेट्रोलच्या नळीत राहिलेलं पेट्रोल बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

बॅटरी काढून बाजूला ठेवा. सोडवताना आधी निगेटिव्ह. ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि रेक्टिफायर (बॅटरीला चार्जिंग देणारा भाग) यांचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, तेही सोडवा. वेल्डिंगच्या करंटने ते गेले तर दुरुस्तीपेक्षा तेच महाग पडतात.

आता अर्थिंग, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारी वायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यातली चूक त्या दिवशी दिसत नाही. समजा, तडा हँडलच्या हेडखालच्या, फ्रेमच्या पाइपला आहे आणि तुम्ही अर्थचा क्लॅम्प लावला पुढच्या फोर्कला. तिथे रंग नाही, सगळं चकचकीत, हाताशी सोयीचं. करंट रॉडमधून फ्रेममध्ये येतो आणि क्लॅम्पकडे परत जायला त्याला एकच वाट असते : हँडलच्या बेअरिंगमधून. गोळी आणि कप एकमेकांना टेकतात ती जागा टाचणीच्या टोकाएवढी. तेवढ्या जागेतून शंभरेक अँपिअर जायला लागले की तिथेच बारीक आर्क पडतात आणि कपावर खड्डे उमटतात. गाडी जोडून दिली, जोड उत्तम झाला, गिऱ्हाईक खूश. काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक येऊन सांगतं की हँडल मध्यावर आलं की अडल्यासारखं वाटतं. वेल्डिंगला कुणी दोष देत नाही, बेअरिंग हलकं होतं म्हणतात. म्हणून क्लॅम्प त्याच पाइपवर, जोडापासून वीतभर अंतरावर, रंग घासून उघड्या केलेल्या लोखंडावर लावा. मध्ये बेअरिंग, बुश, चेन यांतलं काहीही येता कामा नये.

फ्रेमवरचं तेल-ग्रीस काढायला हाताशी असतो ब्रेक क्लीनरचा डबा. त्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात क्लोरीनचं संयुग असेल, उदाहरणार्थ टेट्राक्लोरोएथिलीन, तर तो डबा वेल्डिंगच्या आसपासही नको. आर्कची उष्णता आणि अतिनील किरणं यांनी त्या वाफेतून फॉस्जीन तयार होऊ शकतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. थोडा खोकला येतो, माणूस घरी जातो आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरायला लागतं. त्यापेक्षा वायर ब्रश आणि अ‍ॅसिटोन बरं. अर्थात अ‍ॅसिटोन पेटतं, तेव्हा ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि डबा, फडकं दोन्ही बाहेर न्या.

जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रंग घासून काढा. जस्ताचा मुलामा जळला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तो बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतो. क्रोमच्या धुराचं तसं नाही, तो कर्करोगाकडे नेणारा आहे. दारं उघडी ठेवा, धूर तोंडावर येऊ देऊ नका.

पाइप पोकळ आहे हेही विसरायचं नाही. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप तापला की आतली हवा फुगते आणि वितळलेला धातू तोंडावर उडवते. आत तेल असेल तर विचारायलाच नको. १९७१ पासूनच्या काही ट्रायम्फ आणि बीएसए गाड्यांमध्ये तर इंजिनाचं ऑइलच फ्रेममध्ये असतं. हवा जायला बारीक छिद्र आहे की नाही ते आधी बघा. नायट्रोजन भरलेले शॉकअप काढूनच ठेवा.

डोळ्यांचं सगळ्यांना माहीत आहे, तरी मदतनिसाला कुणी वेल्डिंगची काळी काच देत नाही. शंभरेक अँपिअरला १० किंवा ११ नंबरची काच लागते. पाइप धरून उभा असलेला पोरगा नुसती मान वळवतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळत उठतो. कपडे सुती, बाह्या पूर्ण, खिशात लायटर नको.

काम झालं की जोडावर पाणी मारू नका, त्याला आपोआप निवू द्या. आणि लगेच शटर ओढू नका. सीटच्या फोममध्ये किंवा चिंध्यांत शिरलेली ठिणगी अर्ध्या-पाऊण तासानेही पेट घेते. निदान तासभर कुणीतरी तिथे थांबावं, हाताशी पावडरचं अग्निशामक ठेवून.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं काय? उष्णता देऊन ताकद आणलेलं अ‍ॅल्युमिनियम जोडाच्या शेजारी नरम पडतं. ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूची ताकद तिथे निम्म्याच्या आसपास येते. कारखान्यात जोडानंतर पुन्हा भट्टीत घालायची सोय असते, तुमच्या-माझ्याकडे नसते. त्यामुळे जोड कितीही देखणा आला तरी त्या गाडीवर मी कुणाला बसवणार नाही. नवी फ्रेम घ्या म्हणून सांगतो, आणि गिऱ्हाईक दुसरा वेल्डर शोधायला जातं.