निळ्या शर्टाचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात बेळगावहून खानापूरला जाताना रस्त्यावर घसरून पडलेली एक मोटरसायकल दिसली. चालक तरुण होता, चिखलात आडवा पडला होता, कपाळातून रक्त वाहत होते आणि भोवती वीस-पंचवीस माणसे कडे करून उभी होती. मीही त्यांत जाऊन उभा राहिलो. खिशात फोन होता; पण एवढ्या लोकांत कोणीतरी तो केव्हाच लावला असेल असे मी धरून चाललो, आणि माझ्या शेजारच्यानेही नेमके तेच धरले होते.

तेवढ्यात डोक्यावर भाजीची बुट्टी घेतलेली एक आजी वाट काढत पुढे आली. तिने बुट्टी खाली ठेवली, पदराचा बोळा जखमेवर दाबून धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ए निळ्या शर्टाच्या, उभारून काय बघतोयस? फोन लाव की!"

मी १०८ क्रमांक लावला. तोवर एकानेही तो लावला नव्हता.

माणुसकी उरली नाही, असे आपण अशा वेळी सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा भररस्त्यात खून झाला आणि अडतीस जणांनी तो नुसता पाहिला, अशी बातमी जगभर गाजली. तो आकडा फुगवलेला होता हे पुढे उघड झाले. परंतु त्या बातमीमुळेच जॉन डार्ली आणि बिब लॅटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना, बोलणाऱ्यांपैकी एकाला फिटचा झटका आल्याचे ऐकवले गेले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांतल्या ८५ टक्क्यांनी तो बोलत असतानाच मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. न उठलेल्यांपैकी अनेकांचे हात थरथरत होते. ती माणसे निर्दय नव्हती, ती एकमेकांची वाट पाहत होती.

आपल्याकडे यात पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांची भीती मिसळते, आणि ती खोटी नाही. म्हणूनच ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतनीसाला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे आपल्या गावच्या कट्ट्यावर, यात्रेत, बाजारात बोलले गेले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

आणि गर्दीत सापडलात, तर "कोणीतरी फोन करा" असे ओरडू नका. एकाकडे बोट करा आणि त्यालाच सांगा.

त्या दिवशी फोनवर पलीकडून कन्नडमध्ये "कुठे?" असे विचारले गेले, तेव्हा मला धड ठिकाणही सांगता येईना. आजी म्हणाली, "आण इकडं." मी फोन तिच्या कानाशी धरला, आणि जखमेवरचा हात न काढता तिने कन्नडमध्येच गाव, ओढा आणि पुलाची खूण सांगितली.