‘अँडी कुठाय?’ : मालिकांचे लेगो सेट आणि चाहत्यांचा जीव

नमस्कार मंडळी! आधी टेबलावर बघा. हे स्क्रँटन गावातलं, कागद विकणाऱ्या डंडर मिफ्लिन कंपनीचं ऑफिस. ‘द ऑफिस’ या अमेरिकन मालिकेचा २०२२ साली आलेला लेगो सेट. १,१६४ पीस, १५ माणसं, शिवाय अँजेलाची एक मांजर. एका सेटमध्ये १५ मिनीफिगर (लेगोची छोटी माणसं) म्हणजे चंगळच! तरीही सेट जाहीर झाल्यावर चाहते विचारू लागले, ‘अँडी कुठाय? आणि एरिन?’

खरंच, दोघंही नाहीत. अँडी बर्नार्ड तिसऱ्या सीझनमध्ये आला, पुढे ऑफिसचा मॅनेजरसुद्धा झाला. लग्नाच्या पंगतीत घरचा एक माणूस दिसला नाही की बाकीचे शंभर जेवत असले तरी नजर त्यालाच शोधते, तसं झालं. काहींनी मग स्वतःच जुळवाजुळव केली: दुसऱ्या सेटमधलं डोकं, तिसऱ्यातले केस, कोटाचं धड कुठून तरी. मला हे फार आवडतं. तक्रार करून माणूस थांबला नाही, त्याने अँडीला घरी आणलं.

आता जवळून दाखवतो. (कॅमेरा जवळ) हे पिवळं, पारदर्शक दिसतंय ना? ही जेली आहे, आणि तिच्यात ड्वाइटचा स्टेपलर. पहिल्याच भागात त्याचा सहकारी जिम हा खोडसाळपणा करतो. आणि हे पातेलं ऑफिसातल्याच केविनच्या चिलीचं, म्हणजे तिखट रश्श्याचं. बिचारा रात्रभर खपून केलेली चिली ऑफिसात घेऊन येतो आणि ती सगळी गालिच्यावर सांडते. जेमतेम मिनिटभराचा प्रसंग. पण चाहत्याने हे पातेलं शोधलं नाही असं होतच नाही. भिंतीचा रंग चुकला तर तो माफ करेल, पातेलं विसरलात तर नाही. मालिका आठवते ती अशा वस्तूंमधून, आणि सेट बनवणाऱ्याला ती मालिका मनापासून ठाऊक आहे का, हे याच वस्तूंवरून कळतं.

ठाऊक असतेही, कारण असे बरेच सेट मुळात चाहत्यांनीच सुचवलेले असतात. लेगो आयडियाज नावाची योजना आहे. तुमचं मॉडेल तिथे मांडायचं, १०,००० लोकांचा पाठिंबा मिळवायचा, मग कंपनी तपासते. पाठिंबा मिळाला म्हणून सेट निघेलच असं नाही. निघाला, तर मूळ कल्पनेच्या मालकाला निव्वळ विक्रीचा १ टक्का मिळतो. ‘द ऑफिस’ असाच आला. ‘साइनफेल्ड’चं घर आणि ‘फ्रेंड्स’मधलं कॉफीशॉप सेंट्रल पर्कही असेच आले.

सेंट्रल पर्क २०१९चं, मालिकेला २५ वर्षं झाली तेव्हाचं. १,०७० पीस. त्या प्रसिद्ध सोफ्यापुढे ‘राखीव’ची एवढीशी पाटी आहे. इतक्या गर्दीच्या कॉफीशॉपमध्ये मालिकेतल्या या सहा मित्रमैत्रिणींनाच तो सोफा नेहमी रिकामा कसा मिळायचा, त्याचं उत्तर मालिकेत ही पाटी देते! वर मात्र स्टुडिओचे दिवे लावलेत, आणि इथे मतं फुटली. काही म्हणाले, दिव्यांमुळे भ्रम तुटतो, आम्हाला खरं कॉफीशॉप हवं होतं. मी दिव्यांच्या बाजूचा आहे. मालिका प्रेक्षकांसमोर स्टुडिओत घडत होती, ते लपवायचं कशाला?

स्टिकरचं दुखणं मात्र सगळ्यांचं सारखंच. तासन्‌तास खपून भिंत उभी करायची आणि शेवटी पाटी तिरकी चिकटायची. काही वर्षांनी तिच्या कडा उचलल्या जातात. पीसवरची छपाई टिकते, म्हणून चाहते तिचा आग्रह धरतात. योग्यच आहे.

एक आपल्या जवळची गोष्ट. २०१५च्या ‘बिग बँग थिअरी’ या मालिकेच्या सेटमध्ये त्यातला भारतीय शास्त्रज्ञ राज आहे, आणि इथे ‘ऑफिस’मध्ये केली कपूर. लेगोची माणसं पूर्वी सरसकट पिवळी असायची, २००४ पासून सिनेमा-मालिकांच्या सेटमध्ये खऱ्या कातडीचे रंग आले. त्यामुळे हे दोघं आपल्यासारखे दिसतात. राजला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगता येणार नाही.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. ‘स्टार वॉर्स’च्या जगातली ‘मँडलोरियन’ ही मालिका २०१९च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिच्यातलं मोठ्या कानांचं हिरवं बाळ, बेबी योडा, गुपित ठेवल्यामुळे त्या नाताळात त्याची खेळणी दुकानात नव्हतीच. त्याची छोटी लेगो बाहुली २०२०च्या सप्टेंबरात आली, नायकाच्या रेझर क्रेस्ट या यानाच्या १,०२३ पीसच्या सेटबरोबर. लोकांनी यान जोडलं, कपाटावर ठेवलं. आणि डिसेंबरात मालिकेत ते यान एका झोतात राख झालं! चाहत्यांनी आपल्या सेटचे पीस विखरून फोटो काढले. त्या राखेतून नायकाला एक भाला मिळतो, आणि बाळाचा आवडता चेंडू, म्हणजे यानाच्या दांड्यावरचा छोटा गोळा. लेगोच्या मोठ्या, १,०७३ पीसच्या बेबी योडाच्या हातात तोच गोळा द्यायची सोय आहे. आणि यान? ते गेल्यावर दोन वर्षांनी, २०२२ साली, त्याचाच ६,१८७ पीसचा प्रचंड सेट निघाला. मालिकेत नसलेलं यान लोकांनी पुन्हा जोडलं.

(सेंट्रल पर्क पुढे ओढून) हा गंथर, या कॉफीशॉपमध्ये काम करणारा. ही भूमिका करणारे जेम्स मायकल टायलर. खरं कॉफी मशीन चालवता येणारा चित्रीकरणाला जमलेल्या एक्स्ट्रा कलाकारांत तो एकटाच होता, म्हणून त्याला काउंटरमागे उभं केलं, आणि तो दहा सीझन तिथे राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो गेला. बातमी वाचली त्या रात्री मी हा सेट खाली काढला, धूळ पुसली. गंथर सोफ्याजवळ उभा होता. त्याला मशीनपाशी ठेवला. बघा, अजून तिथेच आहे.